काचेचा चकवा

ऑक्टोबरातली सकाळ होती. रात्री ईशान्य मोसमी पावसाची सर येऊन गेली होती आणि चेन्नईच्या अड्यारमधल्या आमच्या इमारतीचा जिना ओलसर होता. जिन्याच्या पहिल्या वळणावर फरशीपासून छतापर्यंत एकच अखंड काच आहे. बाहेर पोर्चची स्लॅब, आणि तिच्यापलीकडे करंज व कडुनिंब. त्या स्लॅबवर काचेच्या अगदी पायाशी एक नवरंग उताणा पडला होता. मी बाजूच्या झडपेतून हात घालून त्याला उचलले. अंग अजून कोमट होते. पाठ हिरवी, पोट बदामी, शेपटीखाली शेंदरी ठसा, डोळ्यावरून मानेकडे गेलेली काळी पट्टी. कुठे रक्त नव्हते, पंखही मोडलेला नव्हता. वजन जेमतेम पन्नास-साठ ग्रॅम. हिमालयाच्या पायथ्याच्या किंवा मध्य भारताच्या रानातून, रात्रीमागून रात्र उडत तो इथवर आला होता.

वॉचमनअण्णा झाडू घेऊन मागे उभे होते. ते म्हणाले, "आरुमणि कुरुवि, सार. ताना वंदु मोदिडुच्चु." पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला शीळ घालतो म्हणून तमिळमध्ये नवरंगाला 'आरुमणि कुरुवि', म्हणजे सहा वाजताचा पक्षी म्हणतात. पुढच्या वाक्याचा अर्थ असा, की तो आपणहून आला आणि आपटला. अण्णांच्या आवाजात हळहळ होती. पण त्या 'ताना'मध्ये, त्या 'आपणहून'मध्ये, एक अख्खे मत सामावलेले आहे. ते एकट्या अण्णांचे नाही. सोसायटीच्या सभेत, वास्तुविशारदांच्या बोलण्यात, पक्षी पाहणाऱ्या मित्रांच्या गप्पांतही मी ते ऐकले आहे. ते मत चुकीचे आहे आणि त्या चुकीची किंमत पक्षी जिवाने मोजतात, म्हणून त्याचे खंडन करणे मला अगत्याचे वाटते.

पूर्वपक्ष

आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीने मांडू. लेचापेचा करून मांडलेल्या मताचे खंडन हे खंडन नसते.

पूर्वपक्ष म्हणतो: लाखो पक्षी रोज इमारतींमधून उडतात आणि काहीच आपटतात. ज्याची नजर किंवा अक्कल कमी पडली तो आपटला. दुबळे गळतात, सबळ टिकतात, हा निसर्गाचाच नियम आहे. दुसरे, ही घटना काकतालीय आहे. कावळा बसायला आणि ताडाचे फळ पडायला एकच गाठ, तसा कधीतरी एखादा पक्षी आणि काच यांचा योग येतो. शिकागो-टोरांटोच्या गगनचुंबी टॉवरांना हा प्रश्न असेल. आपल्या चार-पाच मजली वस्तीत तो नाही, असता तर मेलेले पक्षी दिसले असते. आणि तिसरे, इतके असूनही कोणाला वाईट वाटत असेल तर काचेवर ससाण्याचे एक चित्र चिकटवावे किंवा आतून पडदा ओढावा, काम झाले.

दोष पक्ष्याचा, घटना विरळा, उपाय किरकोळ: अशी ही तीन विधाने आहेत. ती एकमेकांना टेकून उभी आहेत, म्हणून एकेक करून पाहू.

दोष कोणाचा?

भारतीय तर्कपरंपरेत भ्रमाची दोन नेहमीची उदाहरणे आहेत. कावीळ झालेल्याला पांढरा शंख पिवळा दिसतो. तिथे दोष डोळ्यात आहे. उन्हात पडलेल्या शिंपल्यावर रुपे दिसते. तिथे दोष डोळ्यात नाही, शिंपल्याची चकाकी रुप्यासारखी आहे. दोहोंतला फरक ओळखायची कसोटी सोपी आहे: निरोगी डोळाही तिथे फसतो का? शंखाच्या बाबतीत फसत नाही, शिंपल्याच्या बाबतीत फसतो.

ही कसोटी काचेला लावू. मॉलच्या, बँकेच्या काचेच्या दारांवर छातीच्या उंचीला एक पांढरी पट्टी किंवा ठिपके लावलेले असतात. का? कारण पट्टी नसेल तर धडधाकट, डोळस, काच म्हणजे काय हे लहानपणापासून ठाऊक असलेली माणसे दारावर आपटतात. तिथे कोणी माणसांना दुबळे ठरवत नाही. दाराला पट्टी लावतात. शिवाय आपल्याजवळ चौकट, मूठ, बिजागरी अशा खुणा वाचण्याची सवय आहे. पक्ष्याजवळ ती नाही.

आता काचेकडे पाहू. साधी स्वच्छ काचही समोरून पडलेल्या प्रकाशातला सुमारे आठ टक्के भाग परतवते, आणि तिरप्या कोनातून त्याहून कितीतरी जास्त. चेन्नईच्या उन्हात बाहेर लख्ख उजेड आणि आत सावली असते. अशा वेळी आतून येणारा प्रकाश इतका क्षीण असतो की काचेवर बाहेरचे झाड आणि आभाळच दिसते. उष्णता रोखण्यासाठी लेप दिलेली काच तर जवळजवळ आरसा होते. निसर्गातही आरसा असतो, पण तो आडवा असतो: तळे, भरलेले शेत, पावसाचे डबके. उभा आरसा, ज्यात करंजाची फांदी फांदीसारखीच पुढे जाताना दिसते, तो माणसाने केला. पाखरांच्या लाखो वर्षांच्या वारशात त्याची ओळखच नाही. दुसरा प्रकार पारदर्शकतेचा. जिन्याची काच आरपार दिसते, पलीकडे दुसरी खिडकी, तिच्यापलीकडे आभाळ; पक्ष्याला ती मोकळी वाट वाटते.

आणि पक्ष्याची नजर? बहुतेक पक्ष्यांचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. शत्रू कुठूनही येऊ शकतो म्हणून त्यांना आजूबाजूचे आणि मागचे आपल्यापेक्षा खूप जास्त दिसते. त्या बदल्यात समोरचा, दोन्ही डोळ्यांनी मिळून दिसणारा पट्टा अरुंद असतो आणि सर्वांत तीक्ष्ण नजर बहुधा बाजूला असते. पक्ष्यांच्या दृष्टीचे अभ्यासक ग्रॅहम मार्टिन यांनी हा मुद्दा नीट मांडला आहे. मोकळ्या आभाळात उडणाऱ्याला समोर भिंत असण्याचा संभवच नव्हता, म्हणून ही रचना त्याच्या जगण्याला चोख होती. तिला उणीव म्हणणे म्हणजे माशाला पाण्याबाहेर काढून त्याच्या कल्ल्यांना दोष देण्यासारखे आहे.

'दुबळे गळतात' हे विधान तर पुराव्यापुढे टिकतच नाही. अमेरिकेत काम केलेले इंग्रज पक्षिशास्त्रज्ञ टॉमस नटॉल यांनी १८३२ साली छापलेल्या ग्रंथात अमेरिकेतल्या केंब्रिजच्या वनस्पती उद्यानातली एक घटना नोंदली आहे. भक्ष्यावर झेपावलेला एक तरुण शिकारी पक्षी, आपल्या शिक्र्याच्या कुळातला, काचघराची एक काच फोडून आत गेला, दुसरीही फोडली आणि तिसरीपाशी थांबला. नजर हेच ज्याचे शस्त्र, तो तीन काचांना फसला. पेनसिल्व्हेनियातल्या म्यूलेनबर्ग कॉलेजचे डॅनियल क्लेम १९७४ पासून या एकाच प्रश्नावर काम करत आले. त्यांना काचेखाली नर-मादी, पिल्ले-प्रौढ, अशक्त-धष्टपुष्ट असे सगळेच सापडले. काच निवड करत नाही. विणीसाठी हजारो किलोमीटर जाऊन सुखरूप परत येणारा पक्षी हा निसर्गाने निवडलेला सबळच असतो, आणि नेमका तोच जिन्यात मरतो.

इथे एक गल्लत दूर करायला हवी. आपल्या जुन्या घरांत चिमणी आरशावर चोची मारत बसायची. आजही दयाळ किंवा शिंजीर गाडीच्या आरशाशी तासन्‌तास भांडताना दिसतो. ते पाहून लोक म्हणतात, पक्षी काचेशी वेडेपणा करतात. पण तो वेगळा प्रकार आहे. विणीच्या दिवसांत नर आपल्या प्रतिबिंबाला दुसरा नर समजून हाकलू पाहतो. त्यात तो दमतो, सहसा मरत नाही. तो आरशातला पक्षी पाहतो; नवरंगाने पाहिली होती आरशातली वाट.

कोकणात आणि घाटावरही चकव्याच्या गोष्टी प्रत्येकाने ऐकलेल्या असतात. पायाखालची वाट, रोजचा माणूस, आणि रात्रभर तो एकाच शेताभोवती फिरत राहतो. सकाळी गावात त्याला कोणी मूर्ख म्हणत नाही. 'चकवा लागला' म्हणतात आणि दोष जागेकडे जातो. जी समज आपण वाटसरूला दाखवतो, तीच नवरंगाला दाखवायची आहे. माणसाचा भ्रम सकाळ झाली की फिटतो. पक्ष्याला तेवढी उसंत मिळत नाही. क्लेम यांच्या नोंदींनुसार आपटणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे मरतात. लोक समजतात तशी मान बहुधा मोडलेली नसते. डोक्याला मार बसून मेंदूत रक्तस्राव झालेला असतो. म्हणूनच माझ्या हातातल्या नवरंगावर कुठे जखम दिसत नव्हती, आणि म्हणूनच 'थोडा वेळ बसला आणि उडून गेला' याचा अर्थ 'वाचला' असा धरता येत नाही.

विरळा की न दिसणारे?

'असते तर दिसले असते' हा युक्तिवादही आपल्या परंपरेला अनोळखी नाही. घडा दिसत नाही म्हणून घडा नाही, असे म्हणता येते, पण केव्हा? उजेड असेल, जागा मोकळी असेल आणि घडा असता तर तो नक्की दिसला असता, अशी स्थिती असेल तेव्हाच. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. अंधाऱ्या खोलीत घडा न दिसणे हा घडा नसल्याचा पुरावा होत नाही.

काचेखालच्या पक्ष्यांची खोली अंधारीच आहे. धडका बहुतांशी पहाटे आणि सकाळी होतात. कार्यालये दहाला उघडतात; त्याआधी झाडणारे येऊन जातात. त्यांच्याही आधी मांजर, मुंगूस, कावळे. जे पक्षी धडकेनंतर शंभर पावले उडून झुडपात मरतात, ते तर कोणालाच दिसत नाहीत. जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरच्या (ओएमआर) एका कार्यालयात मी काचेवर होल्याचा ठसा पाहिला होता. पसरलेले दोन्ही पंख, छाती, डोक्याची गोलाई, पिसांवरच्या भुकटीने काचेवर उमटलेली. पंखातले एकेक पीस मोजता यावे इतकी स्पष्ट. खाली पक्षी नव्हता. दुपारी काच पुसणारा आला, त्याने साबणाचा फडका फिरवला आणि एकुलता एक पुरावा गेला.

अमेरिकेतही कोणी मोजत नव्हते तोवर हा प्रश्न तिथेही 'विरळा'च होता. स्कॉट लॉस आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली उपलब्ध नोंदी एकत्र करून हिशेब मांडला: एकट्या अमेरिकेत वर्षाला साडेछत्तीस कोटी ते सुमारे नव्याण्णव कोटी पक्षी इमारतींवर आपटून मरतात. त्याहून महत्त्वाची त्यांची विभागणी आहे. सुमारे ५६ टक्के मृत्यू चार ते अकरा मजल्यांच्या इमारतींवर, सुमारे ४४ टक्के एक ते तीन मजली घरांवर, आणि गगनचुंबी इमारतींवर एक टक्क्याहूनही कमी. एकेका इमारतीचा हिशेब काढला तर टॉवर अधिक मारतो, पण टॉवर मोजके असतात आणि घरे कोट्यवधी. म्हणजे 'आमची चार मजली इमारत, आम्हाला काय' हे विधान नेमके उलटे आहे. धोका झाडांच्या उंचीला आहे, कारण पक्षी तिथे वावरतात. चार मजली इमारत हीच झाडांची उंची.

'थंड देशांचा प्रश्न' म्हणावे, तर सिंगापूर विषुववृत्तापाशी आहे. तिथल्या पक्षिमित्रांनी वर्षानुवर्षे जमवलेल्या नोंदींत स्थलांतर करणाऱ्या नवरंगाच्याच जाती आणि माशीमार अग्रभागी आहेत. रात्री उडणारे, जमिनीलगत झाडीत उतरणारे, पहाटे थकलेले पक्षी. आपला नवरंग याच वर्णनाचा आहे. दरवर्षी पावसाच्या तोंडाला तो चेन्नईत उतरतो आणि दमलेला नवरंग घराच्या परसात, कधी खोलीतसुद्धा सापडणे हे या शहराला जुनेच आहे.

चेन्नईचा नकाशा पाहिला तर चिंता वाढते. शहराच्या पोटात सुमारे २७० हेक्टरांचे गिंडी राष्ट्रीय उद्यान, त्याला लागून आयआयटीचे रान, पुढे अड्यार नदीच्या मुखाशी थिऑसॉफिकल सोसायटीची जुनी झाडी, दक्षिणेला २०२२ साली रामसर यादीत आलेली पळ्ळिकरणैची पाणथळ. आणि त्या पाणथळीच्या कडेने राजीव गांधी सालै, म्हणजे तोच जुना महाबलीपुरम रस्ता, ज्याच्या दुतर्फा गेल्या पंचवीस वर्षांत काचेच्या इमारतींची रांग लागली. पाखरांचे मुक्काम आणि आरसे इतके शेजारी-शेजारी असताना योग काकतालीय म्हणता येत नाही. कावळा एकदा बसला आणि फळ पडले, तर तो योगायोग. त्याच काचेखाली दर ऑक्टोबरला पक्षी पडत असेल, तर ते कारण आहे.

'पक्षी आपणहून मरतात' ही समजूत आपल्या देशाने आधीही एकदा तपासून टाकून दिलेली आहे. आसामच्या जटिंगा गावात पावसाळ्याच्या अखेरीस धुक्याच्या, चांदणे नसलेल्या रात्री पक्षी दिव्यांकडे झेपावतात आणि पडतात. त्याला 'पक्ष्यांची आत्महत्या' हे नाव पडले. निसर्ग अभ्यासक ई. पी. जी यांनी ते जगापुढे आणले, पक्षिशास्त्रज्ञ सालिम अलींनी त्यात लक्ष घातले, १९७७ साली भारतीय प्राणी सर्वेक्षणाने सुधीर सेनगुप्त यांना तिथे पाठवले. आत्महत्या वगैरे काही नव्हते. धुके, वारा आणि माणसाने लावलेला दिवा यांत दिशा हरवलेले ते पक्षी होते. जटिंगाला दिव्याने जे केले, ते शहरात दिवा आणि काच मिळून करतात: रात्री दिवा पक्ष्याला खाली ओढतो, सकाळी काच त्याला मारते.

ससाण्याचे चित्र

तिसऱ्या विधानाचे खंडन सर्वांत सोपे, पण तेच सर्वांत जास्त रुजलेले आहे. काचेवर काळ्या ससाण्याची आकृती चिकटवली की पक्षी घाबरतात, ही कल्पना प्रयोगांत टिकली नाही. न हलणारी काळी आकृती पक्ष्याला ससाणा वाटत नाही, एक अडथळा वाटते. तो तिला टाळतो आणि हातभर बाजूच्या मोकळ्या काचेवर आपटतो. चेन्नईच्या आभाळात तर दिवसभर खऱ्याखुऱ्या घारी फिरत असतात; त्यांच्या छायेत वावरणाऱ्या बुलबुलाला कागदी पक्ष्याचे काय भय?

आतल्या पडद्याचेही तेच. भरउन्हात प्रतिबिंब काचेच्या बाहेरच्या पृष्ठावर तयार होते, पडदा त्याच्या मागे राहतो. आरशाच्या मागे कापड लावल्याने आरसा पुसला जात नाही. आणि हल्लीची एक जास्त काळजीची समजूत म्हणजे 'आम्ही झाडे लावली, इमारत हिरवी झाली.' आरशासारख्या काचेसमोर फुलझाडांची रांग लावणे म्हणजे पाहुण्याला आमंत्रण देऊन दारात खड्डा खणणे. झाड आणि उघडी काच एकत्र आली की धोका वाढतो. झाडे जरूर लावावीत, पण काच आधी सुधारावी.

मंडन

आता माझा पक्ष. काच पक्ष्याला दिसली पाहिजे. ती दिसण्याच्या अटी तीन: खूण काचेच्या बाहेरच्या बाजूला हवी, कारण प्रतिबिंब तिथेच मोडते, खुणा दाट हव्यात, आणि त्या काचभर हव्यात. दाट म्हणजे किती, याचे उत्तर प्रयोगांनी दिले आहे. पक्षी आपल्या अंगापुरती फट आहे असे दिसले की तिच्यातून जाऊ पाहतो. लहान पक्ष्यांचाही विचार केला तर दोन खुणांमध्ये पाच सेंटिमीटरांहून जास्त मोकळी जागा नको. आपल्या हाताच्या मापाने तीन बोटे. ठिपका हरभऱ्याच्या दाण्याएवढा असला तरी चालतो. ठिपक्यांऐवजी उभ्या दोऱ्या सोडायच्या असतील, तर मुठीच्या रुंदीवर एकेक दोरी काचेबाहेर लोंबती ठेवली तरी परिणाम होतो. अमेरिकेत अनेक घरांनी हेच केले आहे.

हे नुसते अनुमान नाही. न्यूयॉर्कचे जेकब जॅव्हिट्‌स सेंटर पक्ष्यांच्या मृत्यूंसाठी बदनाम होते. २०१४ साली पुऱ्या झालेल्या नूतनीकरणात तिथे ठिपके भाजून बसवलेली काच लावली आणि मृत्यू सुमारे ९० टक्क्यांनी घटले. शिकागोचे मॅककॉर्मिक प्लेस ही सरोवराकाठची बसकी इमारत आहे, टॉवर नाही. ५ ऑक्टोबर २०२३ च्या सकाळी तिच्याखाली जवळजवळ एक हजार पक्षी मेलेले सापडले. पुढच्या उन्हाळ्यात तिच्या काचांवर बारीक ठिपक्यांचा पातळ थर बसवला, आणि त्या हिवाळ्याआधीच्या स्थलांतरात मृत्यू सुमारे ९५ टक्क्यांनी कमी झाले. काच तीच, पक्षी तेच, वाट तीच. पक्ष्यांची नजर वर्षभरात सुधारली नव्हती. फक्त काच दिसू लागली. दोष कोणाचा होता, याचा याहून स्पष्ट निवाडा मला माहीत नाही.

त्याच इमारतीच्या नोंदींवरून २०२१ साली आणखी एक निष्कर्ष निघाला. रात्री उजळलेल्या खिडक्या त्या नोंदींतल्या किमान पातळीवर आणल्या, तर मृत्यू सुमारे ६० टक्क्यांनी घटतील. म्हणून दुसरा उपाय: सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात रात्री दहानंतर रिकाम्या कार्यालयांचे दिवे बंद. त्याला खर्च नाहीच, वीजबिलात बचत आहे.

आणि ही दृष्टी आपल्याकडे परकी नाही, याचा मला विशेष आनंद वाटतो. चेपॉकला जाऊन वास्तुविशारद रॉबर्ट चिझमचे सेनेट हाऊस पाहावे. खोल व्हरांडे, कमानी, सावलीत मागे गेलेल्या खिडक्या. उन्हाच्या देशात भिंत आणि आभाळ यांच्यामध्ये सावलीचा एक थर ठेवायचा, हे जुन्या बांधणाऱ्यांना ठाऊक होते. जाळी, लाकडी झडपा, बाहेरून सोडलेले वाळ्याचे पडदे, बांबूच्या तट्ट्या. बांबूच्या पडद्याला तमिळमध्येही 'तट्टी'च म्हणतात. हे सगळे उन्हासाठी होते, पण त्यांतले प्रत्येक साधन प्रतिबिंब मोडते आणि पक्ष्याला सांगते की इथून वाट नाही. आजच्या फ्लॅटमध्ये त्यांचा वारसा डासांच्या जाळीकडे आला आहे. ती जाळी काचेच्या आत न बसवता बाहेर बसवली, तर तेवढ्यानेच ती खिडकी जवळपास निर्धोक होते. खर्चात एका रुपयाचा फरक पडत नाही. सुताराला फक्त आधी सांगावे लागते.

आक्षेप आणि उत्तरे

'खर्च कोण करणार?' नव्या इमारतीत ठिपक्यांची काच सुरुवातीलाच निवडली तर वाढीव खर्च एकूण बांधकामात किरकोळ आहे. आणि तोच ठिपका, तीच बाहेरची जाळी ऊनही अडवते. चेन्नईत काचेच्या इमारतीचे खरे बिल वातानुकूलनाचे असते. ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने २०१७ साली भिंतीच्या तुलनेत काचेचे प्रमाण ४० टक्क्यांवर ठेवायला सांगितले, ते उन्हासाठी. पक्ष्याचा आणि विजेचा हिशेब इथे एकाच बाजूला पडतो.

'दृश्य बिघडेल.' तीन बोटांवरचे बारीक ठिपके दोन दिवसांत डोळ्यांना दिसेनासे होतात. डासांच्या जाळीतून बाहेर पाहताना आपण जाळी पाहत नाही, तसेच.

'नियम केल्याशिवाय कोणी करणार नाही.' मग नियम करावा. टोरांटोने २०१० पासून नव्या इमारतींना हे बंधनकारक केले. न्यूयॉर्कच्या कायद्याने २०२१ पासून नव्या बांधकामात जमिनीपासून ७५ फुटांपर्यंत पक्ष्यांना दिसेल अशीच काच लावावी लागते. आणि तमिळनाडूला दूर पाहायचीही गरज नाही. २००३ साली या राज्याने प्रत्येक इमारतीला पावसाचे पाणी जिरवणे सक्तीचे केले, तेव्हाही 'हे कसे होणार' म्हणणारे होते. झाले. त्याच बांधकाम नियमांत काचेबद्दल एक कलम बसू शकते. चेन्नईपासून पाऊणशे किलोमीटरवर वेडंतांगल आहे. तिथल्या गावकऱ्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस चिंगलपुटचा कलेक्टर लायनेल प्लेस याच्याकडून तळ्यावरच्या पक्ष्यांना संरक्षण मिळवले होते. या भागात पक्ष्यांसाठी नियम करणे ही नवी गोष्ट नाही.

तोवर कोणाला काचेखाली जिवंत पक्षी सापडला तर एवढे करावे. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात मऊ कापडावर त्याला ठेवावे, झाकण लावावे, अंधारात व शांत जागी तास-दोन तास राहू द्यावे. चोचीत पाणी ओतू नये, खाऊ घालू नये. नंतर झाडीजवळ खोके उघडावे. उडाला नाही तर वनखात्याला किंवा पशुवैद्यांना कळवावे. तो रानाचा आहे, कायद्यानेही तो घरी ठेवता येत नाही.

आमच्या जिन्याच्या काचेचे काय झाले ते सांगून संपवतो. सभेत मी हेच मुद्दे मांडले. मंजुरी मिळाली ती फक्त रंगाच्या एका डब्याला, आणि तेवढी पुरली. दारात रोज पहाटे कोलम काढणाऱ्या अक्कांना मी विचारले, की काचेवर ठिपके देता येतील का. आपल्याकडच्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखे त्यांचे 'पुळ्ळि कोलम'. तांदळाच्या पिठाने काढतात, म्हणजे मुंग्यांना आणि चिमण्यांना खायला मिळते, असे त्या सांगतात. अक्का पोर्चच्या स्लॅबवर उभ्या राहिल्या, तीन बोटे आडवी धरून त्यांनी पहिला ठिपका दिला, बोटे सरकवून दुसरा. पीठ किंवा खडू चालला नसता, कारण नवरंग येतो तेव्हाच पाऊस येतो. म्हणून पांढरा ऑइल पेंट. सुमारे बाराशे ठिपके, दोन सकाळी.

पुढच्या ऑक्टोबरात मी रोज पहाटे स्लॅब पाहिली. एका काचेचा एका मोसमाचा अनुभव हा पुरावा म्हणून मी मांडत नाही. पुरावा वर मांडला आहे. पण स्लॅब मोकळी होती. महिन्याच्या मध्याला, संध्याकाळी सहाच्या सुमाराला, करंजाच्या बुडाकडून ती दुसुरी शीळ आली. अण्णा फाटकाशी उभे होते. त्यांनी मान वळवली आणि या वेळी एवढेच म्हणाले, "वंदाच्चु, सार." आला.